बाराव्या खुर्चीतला पाय

चैत्र. ताम्रवर्ण, तप्त, तहानलेला चैत्र. देवळाच्या आवारातल्या कडुनिंबाचा शुभ्र मोहर अविरत झरत होता, आणि त्याच्या कडू-गोड गंधावर साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प अंथरला होता. दोन्ही वास एकाच श्वासात आत जायचे. निंबखेडच्या मंडळीला त्याची सवय होती.

देऊळ ख्रिस्ती, मिशनच्या काळातलं. कृष्णपाषाणाचं, उंच कमानींचं, उन्हात मौन धरून उभं. आत शहाबादी फरशी, आणि फरशीवर वेदीसमोर अर्धवर्तुळात मांडलेल्या बारा रिकाम्या खुर्च्या. दिवस पवित्र गुरुवारचा होता. प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, तो दिवस. त्याची आठवण म्हणून पाळकानं मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे.

पाळक नथानेल वडागळे दाराशी उभा राहून त्या खुर्च्यांकडे बघत होता. चौतिशीतला, सडसडीत, शुभ्र झग्यातला पाळक. पाचाला उपासना सुरू व्हायची होती. आज तरी खरे पाय येतील, असं त्याला मनापासून वाटत होतं.

कारण गेल्या वर्षीचे पाय तो विसरला नव्हता.

गेल्या वर्षी तो या गावात नवा होता. थरथरत्या अंतःकरणानं त्यानं पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले, पहिलं पाऊल ओंजळीत घेतलं, आणि त्या पावलाला चंदनाच्या साबणाचा वास आला. दुसऱ्यालाही आला. तिसऱ्यालाही. टाचा वजरीनं घासलेल्या, नखं कापलेली, बोटांच्या बेचक्या कोरड्या केलेल्या. चौथ्यानं तर खोबरेल चोळलं होतं. बारा जणांचे चोवीस पाय धुऊन झाले तरी घंगाळातलं पाणी आरपार नितळ राहिलं.

मग कळलं. दर वर्षी त्या दुपारी देवळामागच्या विहिरीपाशी सलोमीबाई बसायची. सलोमीबाई म्हणजे देवळाची सेविका, साठी ओलांडलेली विधवा. ऊन पाणी, साबण, वजरी घेऊन ती बाराही जणांचे पाय आधीच धुऊन द्यायची, म्हणजे पाळकसाहेबांचे हात मळायला नकोत. मग स्वतःचे हात धुवायची आणि प्रभुभोजनाची बेखमीर भाकर मळायला घ्यायची. बावीस वर्षं हाच क्रम चालला होता, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

किळस आली नथानेलला. घाणीची नव्हे, त्या घासून चकचकीत केलेल्या निर्मळपणाची किळस. प्रभूपुढे पाय धरायचे, तेही धुऊनपुसून, पाहुण्यांपुढे ताट मांडावं तसे. हे कसलं पाय धुणं, असं तो वर्षभर मनात धुमसत राहिला.

म्हणून यंदा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे चारच दिवसांपूर्वी, चिठ्ठ्या टाकून बारा नावं निघाल्यावर, त्यानं व्यासपीठावरून सांगितलं: यंदा कुणी पाय धुऊन यायचं नाही. वावरातून या, वाटेवरून या, जसे आहात तसे या. बोलता बोलता त्याचा स्वर कापला. तो कापलेला स्वर त्याला स्वतःलाच आवडला, आणि पुढचं वाक्य त्यानं जरा जास्तच कापत म्हटलं.

आणखी एक गोष्ट त्यानं केली. जिल्ह्याच्या मंडळ्यांचे अध्यक्ष शहरात असतात, त्यांना पत्र लिहून उपासनेचं आग्रहाचं आमंत्रण दिलं. शहरातल्या मोठ्या देवळातली पाळकाची जागा रिकामी झाली होती. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्यानं स्वतःला सांगितलं नाही. माणूस दिसावं म्हणून धर्माचरण करतो तेव्हा काय होतं, यावर त्यानं स्वतः तीन उपदेश दिले होते.

सलोमीबाईला त्यानं व्हरांड्यात गाठून सांगितलं, "बाई, यंदा तुम्हांला विहिरीवरची सुट्टी."

"बरं," बाई झाडता झाडता म्हणाली. "भाकर तरी करू ना, का तिलाही सुट्टी?"

पाच वाजले. घंटा झाली. पश्चिमेच्या कमानींतून आलेलं केशरी ऊन फरशीवर लांब लांब पट्टे टाकून बसलं. अध्यक्षसाहेब पहिल्या बाकावर, इस्त्रीचा रुमाल मांडीवर ठेवून. मागे सगळी मंडळी, पदर सावरीत, पंखे हलवीत. गीत संपलं आणि बारा जण एकामागून एक येऊन खुर्च्यांवर बसले.

पहिल्या खुर्चीत बेंजामिनदादा, पंचमंडळाचे प्रमुख. पांढरं स्वच्छ धोतर आणि खाली चिखलानं माखलेले पाय. नथानेलचं काळीज भरून आलं. त्यानं गुडघे टेकले, घंगाळ पुढे ओढलं आणि पाऊल हातात घेतलं.

चिखल तांबडा होता.

निंबखेडची माती काळी. कोळशाला लाजवील अशी काळी. तांबडी माती साऱ्या गावात एकाच ठिकाणी होती, बेंजामिनदादांच्या अंगणातल्या गुलाबाच्या कुंड्यांत, तीही रोपवाटिकेतून विकत आणलेली. चाळून घेतलेली ती माती घोट्यापर्यंत लावली होती, आणि घोट्यावर तिची कड मेंदीसारखी सरळ रेखली होती. नथानेलनं पाणी ओतलं. माती सुटली, ओघळली, आणि खालून चंदनाच्या साबणाचा तोच जुना वास वर आला.

दुसरे पाय. चिखल, आणि चिखलाखाली साबण. तिसरे पाय. चिखल, आणि चिखलाखाली नुकती कापलेली नखं. चौथ्यानं चिखल कालवताना गुलाबपाणी घातलं होतं. पाचवा ओशाळून हळूच म्हणाला, "साहेब, सवयीनं धुतले गेले हो. मग आपण रागवाल म्हणून इथंच निंबाखाली लावून घेतलं."

सहावा, सातवा, आठवा. धुतलेल्या पायांना लावलेली माती, लावलेल्या मातीवर ओतलेलं पाणी. नथानेल संतापला. ढोंगी लेकाचे, त्याला वाटलं. पाय धुऊ नका म्हटलं तर घाणसुद्धा सजवून आणतात. नववा, दहावा, अकरावा. प्रत्येक पावलासरशी तो अधिक कडवट होत गेला, आणि प्रत्येक पावलासरशी आपण या साऱ्यांहून किती खरे आहोत हेही त्याला अधिक लख्ख दिसत गेलं.

मग बाराव्या खुर्चीपाशी तो आला.

बाराव्या खुर्चीत आमोस बसला होता. कारखान्याच्या मळीच्या नाल्यावर राखण करणारा, एकटा, म्हातारा आमोस. साखरेच्या आजारानं त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं कधीच नेली होती. त्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती, आणि आमोस वाकून स्वतःच ती सोडवत होता. चिंधी चिकटली होती. त्यानं ती ओढली.

दर्प उठला. मळीचा नव्हे, मातीचा नव्हे. सडत्या मांसाचा, घशात शिरून बसणारा दर्प. तळव्याला रुपयाएवढं भोक, भोकाच्या कडा हिरवट-पिवळ्या, आत ओलं काहीतरी चकाकणारं. एक माशी आली, बसली, उठली आणि पुन्हा बसली. पहिल्या बाकावर अध्यक्षसाहेबांचा रुमाल नाकाशी गेला.

नथानेलचा हात पाण्यात थांबला.

हा क्षण त्यानं किती वेळा पाहिला होता. खोलीचं दार लावून, आरशासमोर, बादलीपुढे गुडघे टेकून त्यानं याचीच तालीम केली होती. त्या तालमीतलं पाऊल गरीब होतं, धुळकट होतं, भेगाळलेलं होतं. मोठं देखणं पाऊल होतं ते. त्या पावलाला वास नव्हता.

आतून उमाळा आला. कढ नव्हे, ओकारी. तोंडात कडू पाणी दाटलं आणि ते त्यानं गिळलं. आमोसनं ते पाहिलं.

"राहू द्या साहेब," तो अगदी हळू म्हणाला. "रोज सकाळी सलोमीबाई धुते, पट्टी बांधते. आज मीच तिला नको म्हटलं. आपण सांगितलं होतं ना, धुवायचं नाही, म्हणून."

बारा जणांत एकानंच त्याचं ऐकलं होतं. एकानंच, आणि त्याचीच त्याला किळस येत होती.

नथानेलनं हात पुढे केला. दोन बोटं. मेलेला उंदीर उचलताना लावतात तशी दोन बोटं त्या टाचेला लावली. त्या दोन बोटांवर साऱ्या देवळाचे डोळे होते, अध्यक्षांचेही होते, आणि वर्षभर त्याला हवे होते ते हेच डोळे. आता ते त्याला नको झाले होते. पाणी पडताच आमोसचा पाय वेदनेनं थरथरला, निसटू लागला, आणि तो पडू नये एवढ्याचसाठी नथानेलनं ती टाच सबंध तळहातात धरली. प्रेमानं नव्हे. कुणी तसं सांगेल तर ते खोटं आहे.

त्यानं पाय धुतला. जखम धुतली. बेचक्या धुतल्या, जिथे बोटं नव्हती तिथलं चामडं धुतलं. घंगाळातली माती विरघळून गेली होती, तिच्यावर आता पू आणि रक्त पसरलं. किळस तसूभरही कमी झाली नाही. फक्त ती फिरली. त्या पायावरून उठली आणि आरशासमोर तालीम करणाऱ्या माणसावर येऊन बसली. तिथून मात्र ती उठेना.

त्यानं उजवा पायही धुतला, डावा पुसून स्वच्छ रुमालात गुंडाळला, आत जाऊन साबण लावून तीनदा हात धुतले आणि वेदीपाशी आला. रुपेरी ताटात सलोमीबाईची भाकर होती. त्यानं प्रार्थना केली, भाकर मोडली, आणि ती घ्यायला मंडळीला पुढे बोलावलं.

कुणी उठलं नाही.

उन्हाचे पट्टे भिंतीवर चढले. पंखे थांबले. माना खाली गेल्या, आणि खाली गेलेल्या मानांमधून नजरा तेवढ्या वर आल्या, त्याच्या हातांवर. पहिल्या खुर्चीतून बेंजामिनदादा उठले, त्याच्या कानाशी येऊन अदबीनं म्हणाले, "साहेब, अध्यक्षसाहेबांच्या हातून द्यावी असं मंडळीला वाटतं. गैरसमज नको. आत्ताच ते सगळं, आणि लगेच तोंडात घालायचं म्हणजे."

अध्यक्षसाहेबांना त्याच वेळी खोकला आला. तो बराच वेळ चालला.

नथानेल भाकर धरून उभा राहिला. त्याला शहरातलं देऊळ आठवलं नाही, अध्यक्ष आठवले नाहीत. एवढंच वाटलं, की यांना दोष द्यायला मी कोण. अर्ध्या घटकेपूर्वी दोन बोटं कुणाची होती.

मग मागच्या दारापाशी हालचाल झाली. सलोमीबाई उठली होती. चपला बाकाखाली ठेवून, पदर खोचून, ती मधल्या वाटेनं पुढे आली. वेदीपाशी आल्यावर मंडळीकडे वळली, आणि शेजारणीला निरोप सांगावा इतक्या साध्या आवाजात बोलली.

"पाळकसाहेबांनी आज एकदा धुतले. मी बावीस वर्षं धुतेय. तुमच्या खरजेचे, तुमच्या चिखल्यांचे, या आमोसदादाचा तर रोज. आणि ही भाकर मळते तीही याच हातांनी. बावीस वर्षं खाल्लीत. आज काय झालं?"

एका बाईनं तोंडावर पदर धरला. बेंजामिनदादा मागे सरकले आणि खुर्चीवर बसले. त्यांच्या घोट्यावर, पाणी पोचलं नव्हतं तिथे, तांबड्या मातीची कड अजून तशीच होती.

सलोमीबाईनं हात पुढे केले. साबणानं उललेले, वजरीनं झिजलेले, काळवंडलेले दोन हात. नथानेलनं त्यांत भाकरीचा तुकडा ठेवला. भाकर देताना म्हणायचं शास्त्रवचन त्याला पाठ होतं, पण त्या घटकेला ते आठवेना. "घ्या, बाई," एवढंच तो म्हणाला.

तिच्यामागून आमोस आला. खुर्चीपासून वेदीपर्यंत, अनवाणी, लंगडत. त्याच्या पावलांचे ओले ठसे फरशीवर उमटले. उजवा ठसा पुरा. डावा अर्धवट, रुमालातून पाझरलेला. पुरा, अर्धवट, पुरा, अर्धवट.

मग लोक उठले. लाजेनं उठले, एकमेकांकडे बघून उठले, शेजारी उठला म्हणून उठले. हळूहळू मोठी रांग लागली. अध्यक्षसाहेबही रांगेत आले, खोकला आवरून. नथानेल भाकर देत गेला, देत गेला, आणि देता देता त्याची नजर खाली फरशीवर गेली.

रांग पुढे सरकत होती. धोतरं वर उचलली जात होती, पदर सावरले जात होते. धुतलेले पाय, मातीची कड उरलेले पाय, चकचकीत बुटांतले पाय, सगळे मोठ्या भक्तिभावानं पुढे येत होते. आणि प्रत्येक जण त्या अर्धवट ओल्या ठशापाशी आला की जरा थबकायचा, आणि पाय अलगद उचलून त्याच्या पलीकडे टाकायचा.

नथानेलनं सगळ्यांना भाकर दिली. शेवटी स्वतःसाठी तुकडा घेतला. तोंडाशी नेताना तीनदा धुतलेल्या त्या बोटांना, साबणाखालून, अजून तो वास येत होता. त्याच्या घशात पुन्हा कडू पाणी आलं.

त्यानं तुकडा तोंडात घातला, आणि चावत राहिला. बाहेर कडुनिंब झरत होता. आत, तापल्या फरशीवर, एकेक ठसा वाळत होता.