टाळूवरचं तेल

शनिवारी सकाळी साडेदहाला विश्वेश म्हणाला, "धबधबा बघायला जायचं का?" आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकला. शनिवारी कंपनीला सुट्टी, आणि त्या दिवशी विश्वेश सोफ्यावर हलतो तो फक्त कूस बदलण्यापुरता. आभाने त्याला शब्द मागे घ्यायला वेळच दिला नाही. भिजवलेली कणीक फ्रीजमध्ये ढकलली आणि अकराला सात महिन्यांच्या रुद्रला घेऊन ती गाडीत बसलीसुद्धा.

तिला आज धबधबा बघायचाच होता. रुद्र झाल्यापासून तिने गाठलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे लस टोचायचा दवाखाना. उंचावरून पडणारं पाणी बघायचं आणि ते पुसायला फडकं घेऊन धावायचं नाही, एवढीच तिची मागणी होती.

अडचण एकच. धबधबा त्र्यंबकच्या पुढे, आणि त्र्यंबक म्हणजे सासूबाईंचं माहेर. तिथे आळीआळीत त्यांचं कोणी ना कोणी राहतं. तान्हं बाळ पहिल्यांदा घरी आलं की त्याच्या टाळूवर तेल घालायचं, त्याला ओवाळायचं, त्याच्या आईची ओटी भरायची आणि जेवल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. धबधब्याचं फाटक चारला बंद होतं.

"आई, आज कोणाकडेही थांबायचं नाही हं," आभाने गंगापूर रोडवरच सांगून टाकलं.

"मी कशाला कोणाला सांगत्येय?" मागच्या सीटवरून सासूबाई, गोदावरीबाई, म्हणाल्या.

सातपूर आलं तसं विश्वेशने सवयीने बोट दाखवलं, "ही आमची कंपनी." सुट्टीच्या दिवशीही तो ती दाखवायचा, जणू कोणी उचलून नेली असती.

त्र्यंबकच्या तोंडाशीच चिंतामणमामा उभे. सोवळं नेसलेले, पूजा अर्धी टाकून आलेले, आणि हात ट्रॅफिक पोलिसासारखा आडवा.

"यांना कसं कळलं?" विश्वेशने ब्रेक दाबत विचारलं.

"देव जाणे," गोदावरीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

मामांकडे टाळूवर खोबरेल पडलं. उज्वलामामींनी पुरणपोळी वाढली. ती संपते न संपते तोच शेजारच्या मावशी दारात, "आमच्याकडे नाही आला तर बघा." तिथे तिळाचं तेल आणि शिरा. तिसऱ्या घरी बदामाचं तेल, तेही सढळ हाताने. आता रुद्र इतका निसरडा झाला होता, की आभाने त्याला ओढणीत गुंडाळून साबणाच्या वडीसारखा दोन्ही हातांनी धरला. डिकीत ओटीचे तीन नारळ जमले. वळण आलं की ते एकमेकांवर आदळायचे.

तिसऱ्या घरातून निघाले तेव्हा साडेतीन झाले होते. आभाने वैतागून फोन उघडला आणि तिला दिसलं. सासूबाईंचं स्टेटस. टोपडं घातलेला रुद्र, खाली गुलाबाचं फूल आणि ओळ, 'आम्ही निघालो धबधब्याला.'

"आई, हे काय?"

"हे सांगणं नव्हे. ज्याला बघायचं तो बघतो."

तीन घरी जेवलेला विश्वेश बैलगाडीच्या गतीने गाडी चालवत होता. ते पोचले तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती आणि रखवालदार गेणू फाटकाचा बांबू आडवा करत होता.

"बंद. लिहेल हाय तिथं."

"काका, पाचच मिनिटं," विश्वेश म्हणाला.

"पाच मिन्टं समदेच मागत्यात. मागल्या आठवड्यात एक जण पाच मिन्टं गेला, अंधार पडल्यावर घावला."

"बरं, आवाज तर आला ना आपल्याला," विश्वेश आभाकडे वळून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सोफा दिसत होता.

झाडांपलीकडे पाणी कोसळत होतं. आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. रडावं असं आभाला क्षणभर वाटलं, पण रडायचं काम घरात आधीच एक जण करत होता.

फाटकाला लागूनच गेणूचं घर होतं. दारात त्याची बायको कुसाबाई कणसं भाजत बसली होती. आभा सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, हे घर तुमचंच ना?"

"माझंच. का गं?"

"बाळ पहिल्यांदाच आलंय तुमच्या दारात."

कुसाबाईने हातातलं कणीस खाली ठेवलं. "आन् आता सांगतीस व्हय? अवो, आतून तेलाची बाटली आणा."

गेणू बांबू धरून उभा राहिला. "फाटक कोण धरंल?"

"फाटक पळून जातंय काय?"

बाटली आली. कुसाबाईने रुद्रचं टोपडं सारलं आणि थबकली. "या डोक्यात जागा हाय का?"

"करू," आभा म्हणाली.

चार थेंब पडले, हाताला उरलेलं तेल कुसाबाईने स्वतःच्याच केसांवर पुसलं. रुद्रच्या गालांवरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली. घरात नारळ नव्हता, म्हणून आभाच्या ओढणीत दोन गरम कणसं घातली. आभाने डिकीतला एक नारळ आणून तिच्या हातात ठेवला. मग कुसाबाई नवऱ्याकडे वळली. "तेल घातलेलं लेकरू भायेरूनच माघारी लावता काय?"

गेणूने बांबू उचलला. "कठड्यापस्तोर. मी संगं येतो."

कठड्याशी आभा उभी राहिली. पाणी वरून येत होतं, येतच होतं, आणि त्यातलं काहीच तिला आवरायचं नव्हतं. तुषार रुद्रच्या टाळूवर पडून अळूच्या पानावरून घसरावेत तसे घसरत होते. तो आ वासून बघत होता. तिने त्याच्या तेलकट डोक्याला गाल लावला.

गोदावरीबाई कठड्याला रेलल्या. "माहेर इतकं जवळ," त्या म्हणाल्या, "पण हा कधी बघितला नव्हता गं. आलं की घरोघर जेवायचं आणि परत जायचं, झालं."

आभाने त्यांचा हात धरला. तो हात जरा वेळाने हळूच सुटला.

"आई, स्टेटस घरी गेल्यावर ठेवा हं. परततानाही त्र्यंबकच लागतं."

गोदावरीबाईंनी फोन पदराआड नेला.

"किती जणांनी बघितलं?" आभाने विचारलं.

"आत्ता कुठे नऊ."