घोड्याचा घो

यवतमाळला जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी चालली होती. राज्यस्पर्धेसाठी चार जण निवडायचे होते. मारेगावजवळच्या एका खेड्यातली अंगणवाडी सेविका शीला हिला त्या चौघांत यायला फक्त अर्धा गुण हवा होता. समोर होता कपिल, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नागपूरला शिकवणी लावलेला. शीलाचा एक घोडा आधीच गेला होता. पण तिचा वजीर कपिलच्या राजाला सोडत नव्हता. ई-आठला शह, एच-पाचला शह, पुन्हा ई-आठला. राजाला पळायला दोनच घरं होती.

एकच स्थिती पटावर तीनदा आली की बरोबरी मागता येते, दोघांना अर्धा-अर्धा गुण. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार हे दिसताच तिनं खेळी आधी नोंदीच्या कागदावर लिहिली, घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

"सर, मी बरोबरी मागून राह्यली. तीच स्थिती तिसऱ्यांदा येते."

पंच देवीलाल सर आले. कपिलचा कागद अर्धवट होता. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला की नोंद सोडता येते, तशी त्यानं सोडली होती. म्हणजे पुरावा एकच, शीलाचा कागद. सरांनी तो उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय, घो, उं, ह, व? घोड्याला एन लिहितात, वजिराला क्यू. असली नोंद मी धरणार नाही. खेळा पुढं."

शीलाची कानशिलं तापली. आजूबाजूच्या पटांवरची डोकी वर झाली.

हा खेळ तिला शिकवला तो गावातल्या हरिसिंग काकांनी. काका निवृत्त पोस्टमास्तर. तरुणपणी ते एका जर्मन माणसाशी पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचे, एका कार्डावर एक खेळी. ती कार्डं बघताना शीलानं विचारलं होतं, "काका, हा एस कोण आहे?"

"तो आपला घोडा. जर्मन लोक त्याले उडी मारणारा म्हणतात. आपला उंट त्यायचा पळणारा, हत्ती म्हणजे बुरूज. वजीर तं तिकडं बाई हाये, पोरी! अन् प्यादं म्हणजे शेतकरी."

"इंग्रजांचा उंट तं पाद्री आहे म्हणे."

"अन् रशियात त्याच उंटाले हत्ती म्हणतात. ज्याचं त्याचं."

"मंग तुमी त्याले काय लिहून पाठवत होते?"

"घो. पयल्या कार्डावर घोड्याचं चित्र काढलं अन् बाजूले घो लिवलं. अकरा वर्सं त्यानं एस लिवला, मी घो लिवला. डाव एकदाही अडला नाई."

त्यानंतर शीलानं स्पर्धेचे नियम मिळवून ओळ न् ओळ वाचले होते. आता ती खुर्चीवरून उठली नाही. आवाजही चढवला नाही.

"सर, नियमात आहे. घराची अक्षरं ठरलेली, तेवढी मी इंग्रजीतच लिहिली. पण सोंगटीचं नाव ज्याच्या देशात जे चालते त्याचं अक्षर लिहिता येते. जर्मन माणूस इथं आला अन् घोड्याले एस लिहिलं, तं त्याचा कागद तुम्ही फेकान का?"

"ताई, वेळ घालवू नका."

"घड्याळ बंद आहे, सर. नियम पाहा. नसला तं मी हरली समजा."

देवीलाल सरांनी नाइलाजानं मोबाईल काढला. नियमांचं शेवटचं परिशिष्ट उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. तिथं फ्रेंचांचं आणि डचांचं अक्षर उदाहरण म्हणून दिलेलंच होतं. सरांनी बाजूचा रिकामा पट ओढला आणि सोंगट्या मांडल्या.

"वाचा."

शीला वाचत गेली. घोडा एफ-तीन. उंट सी-चार. सर सोंगट्या हलवत गेले. अठ्ठावीस खेळ्या झाल्या, तीस झाल्या. चौतिसाव्या खेळीपासून वजिराचे शह सुरू झाले. सरांनी एक स्थिती मोजली, मग दुसरी. तिनं लिहून ठेवलेली शेवटची खेळी त्यांनी स्वतःच्या हातानं पटावर केली.

"तीन," कपिल आधी बोलला. "सर, ताईंची नोंद बरोबर आहे. मी असाच खेळलो."

सरांनी दोन्ही कागदांवर अर्धा-अर्धा गुण लिहिला. "माझी चूक झाली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. शीलानं मान हलवली.

संध्याकाळी यादी लागली. तिचं नाव चौथं होतं.

मारेगावच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. तिनं कागद मांडीवर पसरला आणि डाव पहिल्यापासून मनात खेळायला घेतला. तेविसाव्या खेळीशी ती थांबली. घोडा गेला होता तो इथंच. तिथं हत्ती मागं घ्यायला हवा होता. पेन काढून तिनं समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'ह d1', आणि खाली दोन रेघा ओढल्या. राज्यस्पर्धेला सात आठवडे होते.