वणीच्या देवीचा रिकामा पाट

"पाट मांड, सूनबाई. त्यावर कोणी बसायचं नाही, पण तो मांडल्यावाचून वाढायलाही घ्यायचं नाही." साळूबाईंचा हा आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे.

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे. पेठच्या रानात वाढलो आणि पंचवटीतल्या सुताराच्या हातून चार पितळी फुलं लेऊन नाशकातल्या या घरी आलो. मंगळवारी साळूबाईंचं व्रत असे. पंगतीत पहिला मी, वणीच्या देवीसाठी. माझ्याभोवती रांगोळी, पुढे उदबत्ती; बसायला मात्र कोणी नाही. शेजारचे पाट माणसांच्या भाराने गुळगुळीत झाले, मी कोराच राहिलो. उदबत्तीच्या धुरात मला वाटायचं, आपण उगीचच आहोत.

चौतीस साल असेल. साळूबाईंची विधवा सून सगुणा शाळेत शिकवायला लागावं म्हणून परीक्षेला बसली आणि इंग्रजीत नापास झाली. पुन्हा तसंच झालं तर येवल्याचा दीर तिला आपल्या घरी रांधायला नेणार होता. दवाखान्यातली नर्स अनवरी दुपारी तिला शिकवायला येई; सगुणा तिला मोठ्या बहिणीसारखं 'आपा' म्हणे. ती ओटीवरच बसे. आत ये, असं कोणी म्हटलं नव्हतं.

सगुणा एकाच जागी अडायची. आपल्याकडे नुसतं 'उजाडलं', 'उकडतंय' म्हटलं की झालं. इंग्रजीत मात्र आधी 'इट' हवं, आणि नेमकं तेच ती गाळायची.

"उजाडवतं कोण, आपा? जो नाहीच, त्याला लिहू कशी?" एका मंगळवारी तिचे डोळे भरून आले.

"इट इज नो यूज क्रायिंग," अनवरी हळूच म्हणाली. "रडून उपयोग नाही. बघ, इथंही आहेच तो 'इट'." मग तिची नजर दारातून माझ्यावर आली. "त्या पाटावर कोण बसणार?"

"कोणी नाही. देवीचा आहे. त्याच्यावाचून पंगत सुरू होत नाही."

"मग 'इट'सुद्धा तसाच मांड की. बसणारा शोधू नको."

सगुणा कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मित्रांनो, त्या दुपारी मला प्रथमच वाटलं, रिकामं असणं म्हणजे निरुपयोगी असणं नव्हे.

"पास झाले तर या पाटावर तुम्ही बसायचं, आपा," सगुणा म्हणाली. साळूबाईंच्या हातातली जपमाळ क्षणभर थांबली.

वैशाखात निकाल लागला. सगुणा पास झाली. मंगळवारी तिने मला चिंचेने घासलं, पितळी फुलं उजळली, मला मांडलं आणि ती सासूपुढे उभी राहिली.

साळूबाईंनी स्वतःच माझ्याभोवती रांगोळी ओढली. "केळीचं पान मोठं बघून घे," एवढंच म्हणाल्या.

घरातल्या रिकाम्या पाटाला अडगळीत टाकू नका, मित्रांनो. त्यालाही कोणाची तरी वाट पाहायची असते.

"इट इज टाइम टू गो," सगुणा स्वतःशीच पुटपुटली. डोक्यावरचा पदर सावरून ती ओटीची पायरी उतरली आणि अनवरीला जेवायला बोलवायला तिच्या घराकडे चालू लागली.