साठ खांद्यांवरचं घर

मी एक घर बोलतोय. दचकू नका. भिंतींना कान असतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझे कूड तर विणलेल्या बांबूचे, म्हणजे अंगभर कानच कान. इतकं ऐकल्यावर थोडंफार बोलायला येणारच.

करंगसोको गावात, अगदी नदीच्या काठावर माझा जन्म झाला. चार सागवानी खांब, त्यांच्याखाली चार दगडी तळखडे, वर कौलं. अंगात एकही खिळा नाही, सगळं लाकडात लाकूड अडकवलेलं. साकिरमनचं लग्न ठरलं तेव्हा त्याने मला बांधलं. त्याचा धाकटा भाऊ वाकिदी मदतीला होता. जड तुळया वर चढवताना हाळी द्यायचं काम त्याचं. आवाज असा की पलीकडच्या बांधावरच्या म्हशी चरायच्या थांबत.

लग्न होऊन तुमिराह माझ्यात आली. ती टेंपे करायची. सोयाबीन भिजवायचं, पायांनी तुडवून सालं काढायची, शिजवून विरजण लावायचं आणि केळीच्या पानांत बांधून ठेवायचं, की घट्ट पांढऱ्या वड्या तयार. तो आंबूस वास माझ्या वाशांत पार मुरलाय आणि मला तो आवडतो. साकिरमन अकाली गेला, पण त्या वड्यांवर तिने लेक एंदांगला लहानाची मोठी केली. बाई कष्टाची, पण मानी. मानी कसली, ताठच. मी तिचंच घर आहे, म्हणून सांगू शकतो.

त्या ताठपणाचीच गोष्ट सांगायची आहे.

वाकिदीच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नघरी चार दिवस आधीपासून बायका मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतात, आपापली सुरी घेऊन. लांबच्यांना बोलवायला जावं लागतं. घरच्यांना कोण बोलावतं? त्या येतातच. वाकिदी बायकोला म्हणाला, "वहिनीला काय बोलवायचं? ती घरचीच." हे मला फार उशिरा कळलं. इकडे तुमिराह सुरीला धार लावून दोन दिवस चुलीपाशी बसून होती. "विधवा जाऊ ना मी," ती एंदांगला म्हणाली, "मला कशाला कोण विचारतंय."

लग्नाच्या दिवशी ती नवी बाटिक नेसली आणि पुढच्या दाराने गेली. खुर्चीवर बसली, आहेराचं पाकीट दिलं, जेवली, उठून आली. सख्खी भावजय पाहुणीसारखी पुढच्या दाराने! वाकिदीच्या ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

मग नदीने पात्र बदललं आणि माझ्या मागचा काठ खायला सुरुवात केली. आधी केळी गेल्या, मग न्हाणीघर. माझ्या मागच्या खांबापासून कडा दोन हातांवर आली. मला भीती वाटायची, हे लपवून काय उपयोग?

वरच्या अंगाला साकिरमनच्या वाटणीची जागा रिकामी होती, नेमकी वाकिदीच्या घराशेजारी. मला तिथे हलवायचं ठरलं. पण माझं लाकूड जुनं. सांधे सोडवले तर पुन्हा बसायचे नाहीत. म्हणजे उभ्याचा उभा उचलायचा. त्याला साठेक खांदे लागतात, आणि आमच्याकडे ते पैशाने मिळत नाहीत. दारोदार जाऊन स्वतःच्या तोंडाने मागावे लागतात.

तुमिराह गेली. घरोघरी गेली. फक्त एका फाटकाकडे न बघता पुढे आली.

"आई, काकांना नाही सांगितलंस?"

"त्यांना काय बोलवायचं?" ती म्हणाली. "घरचेच ना ते?"

पाक सारजोनो, म्हणजे सारजोनोराव, आमच्या आळीचे कारभारी. त्यांनी पंचांग बघून दिवस काढून दिला आणि हळूच विचारलं, "हाळी कोण देणार, तुमिराह?"

"तुम्ही द्या की."

"अगं, माझा आवाज माझ्या बायकोला ऐकू जात नाही."

तो दिवस उजाडला. माझी कौलं उतरवली, कूड सोडले, खांबांना आडवे-उभे बांबू करकचून बांधले. अंगणात बायका भात रांधत होत्या. आणि वाटेच्या वळणावर, फणसाखाली, वाकिदी सकाळपासून विळा घेऊन शेळीसाठी गवत कापत होता. त्या फणसाखाली गवताची काडी उगवत नाही.

माणसं बांबूखाली शिरली. पाक सारजोनोंनी हाळी दिली, ती खोकल्यातच विरली. पुढच्यांनी उचललं, मागच्यांनी नाही. माझा एक सांधा कडाडला आणि मी नदीकडे कललो. "ठेवा, ठेवा," म्हणत सगळ्यांनी मला कसंबसं खाली टेकवलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिकडे नदी उगवते त्या लावू नावाच्या डोंगरावर ढग काळे झाले होते. वर पाऊस झाला की इथे पूर येतो, आणि पूर आला की मी गेलो. हे सगळ्यांना कळत होतं. सगळे फणसाकडे बघायचे आणि चटकन नजर वळवायचे. बोलावल्याशिवाय तो यायचा नाही, आणि तिने बोलावल्याशिवाय दुसऱ्या कोणी बोलवायचं नाही.

तुमिराहने भाताचा हात पुसला आणि फणसाकडे चालू लागली. आता कोणीच नजर वळवली नाही.

"भावजी."

"बोला."

"इथे गवत नाही."

"दिसतंय मला."

ती आणखी जवळ आली. मग म्हणाली, "तुमच्या थोरलीच्या लग्नात मी पुढच्या दाराने आले. घरच्या बाईने असं करू नये. चुकलं माझं."

वाकिदीने विळ्याची धार अंगठ्याने चाचपली. "मीही दोन पावलं चालून आलो असतो, तर माझे पाय काही झिजले नसते."

"मी आता चालून आलेय. घरच्या माणसाला बोलवायला आलेय. चला."

त्याने विळा फणसाच्या बुंध्यात रोवला आणि आला.

आला तो ओरडतच. "हा बांबू कोणी बांधला रे? सासुरवाडीला आलाय का, इतका सैल सोडून? उंच पोरं उताराकडे जा. सुपार, पोट आत घे, तिथे अजून एक माणूस मावेल." माझ्या चारही खांबांवरून त्याने हात फिरवला. मागच्या खांबापाशी हात जरा जास्त वेळ थांबला. तो दोघा भावांनी मिळून तासलेला होता. मग तो माझ्या मधोमध उभा राहिला आणि त्याने छाती भरून हाळी दिली, "होलोपिस!"

"कुंतुल बारिस!" साठ गळे ओरडले, आणि मी उठलो.

माणूस खांद्यांवरून जातो तो परत येत नाही. मी मात्र गेलो आणि जगलो. भातखाचरांच्या कडेने, मशिदीसमोरून, पोरांच्या कल्लोळात मी डुलत डुलत चढ चढलो. आयुष्यभर ज्या गावात उभा होतो ते गाव मी त्या दिवशी पहिल्यांदा फिरून पाहिलं. नव्या तळखड्यांवर मला टेकवलं तेव्हा वाकिदी माझ्या खांबाला टेकून मटकन खाली बसला आणि रडला. तुमिराहने त्याला कॉफी आणून दिली, साखर जास्त घालून. आठवड्याच्या आत नदीने माझी जुनी जागा नेली.

आता मी इथे आहे. सांध्यातली चीर वाकिदीने पाचर मारून बुजवली. वारा आला की थोडा करकरतो, पण या वयात एवढं चालायचंच.

आज मात्र मी अगदी रिकामा आहे. कालपासून आहे. शेजारी वाकिदीच्या धाकट्या लेकीचं, रेत्नोचं, लग्न आहे. माझी चूल थंड आहे, एक कोंबडी खुशाल माझ्या माजघरात हिंडते आहे, आणि असं ओस पडून इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही कधी या वाटेने आलात आणि माझं दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही असं दिसलं, तर हाका मारत बसू नका. बोलावण्याची तर मुळीच वाट बघू नका. शेजारच्या घराला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरा. सगळी तिथेच आहेत. कांदे भरपूर चिरायचेत; सुरी तेवढी आपली आणा.