पाच-नऊ

तिच्या बिनतारी संचाच्या जुन्या अँटेनाच्या बुडाशी रबराला चीर गेली होती, आणि नखाने ती जराशी उलगडली की आतली तार दिसत होती, हिरवट, जुन्या भांड्यासारखी कळकलेली... ती उलगडायची आणि मिटायची, पुन्हा उलगडायची, आणि दुकानदार नवे तीन अँटेना काउंटरवर मांडून ताटकळत उभा होता. एक बोटाएवढा आखूड, एक जुन्यासारखाच वीतभर, आणि एक हातभर लांब, सडपातळ, जरा धक्का लागला की डुलत राहणारा.

"एवढीशी काडी घ्यायला अख्खी सकाळ?" स्टुलावरून नवरा म्हणाला. ऑपरेशनपासून कुठेही गेलं की त्याला आधी स्टूल लागायचं. "आखूड घे. पर्समध्ये मावेल."

"पर्समध्ये मावून काय करायचंय? अँटेना आहे हो, कंगवा नाही."

दुकानदार हसला. ती हसली नाही. आखूड अँटेना म्हणजे शोभेचा, आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला तरी खूप, हे तिला ठाऊक होतं. आणि लांब घेतला तर आवाज जाईल, पण जाईल कुणाकडे? — त्याच लोकांकडे ना? त्यांच्यासाठी मी आता हातभर काठी मिरवत फिरू?

तेच लोक म्हणजे शहरातले सातआठ हौशी रेडिओवाले. सगळे रोज सकाळी एकाच लहरीवर जमायचे. हजेरीमास्तर — एकेकाळी बोटीवर बिनतारी संदेशांचं काम केलेला, आता निवृत्त — एकेकाला पुकारायचा, ज्याने त्याने आपली दोन वाक्यं बोलायची, की मास्तर म्हणणार, "पाच-नऊ, छान, धन्यवाद." पाच म्हणजे शब्दन्‌शब्द कळला, नऊ म्हणजे आवाज खणखणीत पोचला. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं, आणि तिला ते आवडायचं. देवाला फूल वाहावं तशी ती रोज आपली दोन वाक्यं वाहायची.

उन्हाळ्यात, त्याच्या ऑपरेशनच्या आदल्या सकाळी, तिने दोनाची चार वाक्यं केली. कुणापुढे हात पसरायची तिला सवय नव्हती, माहेरीही नव्हती आणि सासरी तर नव्हतीच, म्हणून ती वाक्यं तिने कणीक मळता मळता पाठ केली होती. उद्या यांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. मी एकटीच असेन. कुणाला जमलं तर घटकाभर येऊन बसा. बरं वाटेल. एवढं बोलून तिने बटण सोडलं, आणि संचातून आवाज आला, "पाच-नऊ, छान, धन्यवाद. पुढचं स्टेशन."

छान!

दवाखान्यातल्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या... लिफ्टचं दार उघडलं की ती मान वर करायची, आणि आतून कुणाचे तरी नातेवाईक, डबेवाला, चाकाची खुर्ची ढकलणारी नर्स... कुणीही, पण त्यांच्यातलं एकही नाही. फोन करता आला असता. का करायचा? सगळ्यांच्या कानावर घातलंय ना, शब्दन्‌शब्द कळलाय ना तुम्हाला, मग आणखी किती वेळा गयावया करायची? संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर त्याने जड जिभेने विचारलं, कुणी होतं का सोबत? आणि ती पटकन म्हणाली, रेडिओवाले येऊन बसले होते. ज्यांचं कौतुक त्याला ऊठसूट ऐकवलं, त्यांची अब्रू राखली. त्यांची कसली, स्वतःचीच.

हजेरी मात्र तिने सोडली नाही. गप्प बसले तर हे लोक म्हणणार, बाई विसरली. तेव्हा रोज यायचं, पण तुटक. "हजर आहे. इतकंच." इतकं तुसडं बोलायचं की दगडालाही लागावं. आणि रोज उत्तर काय, तर पाच-नऊ, छान! किती कोडगी माणसं असावीत! तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि इकडे हा चहा पिता पिता म्हणायचा, "तुझे रेडिओवाले म्हणजे सोन्यासारखी माणसं." ती पदार्थ खारट झाला तरी गिळावा तसं ते गिळायची.

"लावून बघा की," दुकानदार म्हणाला. "रविवारची हजेरी आत्ताच असते ना तुमची? दारात या, आत काही पकडणार नाही."

तिने लांब अँटेना उचलला. का, ते तिला सांगता आलं नसतं; रागावलेल्या माणसाला लांब काठीच बरी वाटते. संचावर आटे बसले, घट्ट झाले. नवरा स्टूल घेऊन तिच्यामागे दारात आला. मास्तरने तिला पुकारलं. तिने बटण दाबून नेहमीचं फेकलं, "हजर आहे. इतकंच."

मास्तरचा आवाज एकदम चढला.

"अहो ताई! तुमचा आवाज! किती दिवसांनी ऐकला हो! काय केलंत काय?"

"किती दिवसांनी म्हणजे? रोज पाच-नऊ देताय ना मला?"

"ते... अहो, तुमच्या वेळेला नुसती खरखर यायची. आम्हाला कळायचं, ताई आल्यात. मग खरखर म्हणून कसं सांगायचं? तुम्हाला वाईट वाटलं असतं. पाच-नऊ काय, सगळ्यांनाच देतो आम्ही."

तिने मुठीतला जुना अँटेना पाहिला. टेकडीवरचा रिपीटर, सगळ्यांचे आवाज उचलून पुढे धाडणारं ते यंत्र, दांडगा; त्याचा आवाज मोडक्या तारेवरही घरात यायचा. तिच्या हातातल्या एवढ्याशा संचाचा आवाज मात्र या चिरीतूनच कुठेतरी... म्हणजे ती चार वाक्यं गेलीच नव्हती. तुटकपणाही गेला नव्हता! इतके महिने ती कुणावर रुसून बसली होती, खरखरीवर? आणि यांनी, वाईट वाटू नये म्हणून — वाईट वाटू नये म्हणून! — एका बाईच्या जिवाच्या गोष्टीला छान म्हटलं. न येणं परवडलं असतं. ही दया नको होती. तिने बटण दाबलं, आता एकेकाची खरडपट्टी काढायची म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून नवरा संचाशी वाकला.

"मास्तर, मी हिचा नवरा बोलतोय. माझ्या ऑपरेशनला येऊन बसलात हिच्याजवळ, आभार मानायचे राहूनच गेले बघा."

तिचा अंगठा सुटला.

"ताई," मास्तर म्हणाला, आता हळू, "कुठलं ऑपरेशन? आम्हाला काही ऐकूच आलं नव्हतं हो. काय म्हणाला होतात? पुन्हा सांगा. सगळे थांबलेत."

पुन्हा सांगा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असलं काही माणूस पुन्हा सांगतं? एकदा सांगताना जीव अर्धा झाला होता... नवरा संचाकडे पाहत नव्हता, तो तिच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते सोन्यासारखं हसू हळूहळू उतरत चाललं होतं. तिने अंगठा बटणावर ठेवला. आता बोललं की सगळं पोचणार होतं, टेकडीपर्यंत आणि शेजारच्या स्टुलापर्यंतही. राग तसाच होता, जराही कमी झाला नव्हता. फक्त त्याच्या आत आता भीती बसली होती, कुणीतरी खरंच ऐकेल याची. अंगठा दाबवत नव्हता आणि उचलवतही नव्हता.