पिंपातली तूट

वासुदेवराव नागपूरहून बी.एस्सी. होऊन वर्ध्याच्या एका औषधी कारखान्यात लागले, आणि त्यांचा हिशेब चुकला म्हणायची कुणाची छाती नव्हती. १९५७चा उन्हाळा. नव्या औषधासाठी दहा गॅलन स्पिरिटात दहा गॅलन पाणी पहिल्यांदाच मिसळायचं होतं, आणि ते काम श्रावण या कामगारानं केलं. पिंपात पट्टी बुडवून पाहिली तर वीस गॅलन नाहीच, पाऊण गॅलनभर कमी! मिश्रणाची घनताही दोन्हींच्या सरासरीपेक्षा जास्त भरली. म्हणजे हलकं स्पिरिटच गेलेलं. आणखी पुरावा तो काय हवा?

"प्यायलास ना रे?" वासुदेवरावांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"नाई जी," एवढंच तो म्हणाला.

आधीच दारूबंदीचा जिल्हा. त्यात श्रावणनं गेल्या दसऱ्याला नागपुरात धम्म घेतलेला, दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेली. मालकानं त्याच दुपारी त्याला हाकललं. देवळीत, त्याच्या गावी, बोभाटा झाला, आणि वस्तीतल्या बुद्धवंदनेत त्याच्याशेजारी कुणी बसेना.

महिन्याभरानं वासुदेवरावांनी ते मिश्रण स्वतः केलं, कुणाला हात लावू दिला नाही. तरी तेवढीच तूट! मापाच्या भांड्यात पन्नास-पन्नास भाग घेऊन पाहिले, शंभराच्या जागी साडेशहाण्णवच भरले. स्पिरिट आणि पाणी एकत्र आलं की आकसतं. तिथं सरळ सरासरी काढणं हाच मूर्खपणा! शिकले होते ते, आणि तोंड काळं झालं श्रावणचं.

"गुपचूप परत बोलवा त्याला," मालक म्हणाले. "कारखान्याचं हसं नको."

वासुदेवराव प्रवासी मोटारीनं देवळीला गेले. श्रावणच्या ओसरीवर बसून, त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या, कमलाबाईच्या, डोळ्यांदेखत त्यांनी स्पिरिटात पाणी ओतून दाखवलं. "बघ, आपोआप कमी होतं. चूक माझी होती."

श्रावणनं भांडं बाजूला सारलं.

"मले काऊन दाखवून राह्यले, साह्येब? मी पेलो नाई, हे मले ठाऊकच होतं. उद्या वंदनेले सारी वस्ती जमते. तिथं दाखवा."

वासुदेवरावांना मालक आठवले, हसणारे कामगार दिसले. स्वतःची लाज वाटली.

"उद्या... जमणार नाही रे. तू सोमवारी कामावर मात्र ये."

श्रावण उठून आत गेला. कमलाबाईनं भांडं अंगणात रिकामं केलं, स्वच्छ धुतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"मोटार सुटन जी तुमची," ती म्हणाली.