आईंची बाटली

खिडकीची कड तिने तिसऱ्यांदा ओल्या कागदाने पुसली आणि कागद तिसऱ्यांदा काळा झाला. हरकत नव्हती. एकतीस तासांच्या या प्रवासात आपल्या पदरात काय पडणार, हे तिने घरूनच ताडून ठेवलं होतं. विमानात नवरा दीड तास घोरला असता. या रडतखडत जाणाऱ्या गाडीत मात्र फोनला रेंज नव्हती की पळायला वाट नव्हती. एरवी सदा फिरतीवर असलेला माणूस आयता हाती सापडला होता. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेने तिला दोन वर्षांसाठी प्रमुख म्हणून बोलावलं होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. त्याआधी नवऱ्याचा होकार काढायचा होता.

नातेवाइकांत बोलवा वेगळीच. विमानाला भिणाऱ्या सासूसाठी सुनेने गाडीचा त्रास पत्करला म्हणे! तिनेही तो गैरसमज दूर करायची घाई केली नव्हती. फुकटचं पुण्य कोण परत करतं?

पण ते फुकट नव्हतं, हे पहिल्या तासातच कळलं. समोरच्या जाड्या गृहस्थांनी मोजे काढून नेमके तिच्या डोक्याशी हुकाला टांगले. बाकाखाली केळ्याची साल कुणाच्या तरी चपलेने फरशीभर माखली होती. आणि संडास! सकाळी ती दारातूनच ओढणी नाकाला लावून परतली.

"दिवसभर लोकांच्या लघव्या तपासतेस," नवरा हसला, "आणि इथे नाक मुरडतेस?"

"तिथे हातात मोजे असतात. आणि नमुना बाटलीत असतो, भिंतीवर नसतो. मी त्या नरकात पाय ठेवणार नाही. कुणासाठीही नाही."

जाडे गृहस्थ खुदकन हसले. सासू खिडकीबाहेर बघत राहिली.

उष्ट्याची तिला शिसारी. म्हणून कामाच्या सवयीने तिने तिघांच्या पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: कुणाची, कधी भरली. सासूच्या बाटलीवर सुबक अक्षरात, 'आई, पहाटे ५.३०.'

दुपारी चारला गाडी माळावर थांबली ती थांबलीच. गृहस्थ पाय मोकळे करायला उतरले. सासूचे डोळे मिटलेले. नवरा उकडलेलं अंडं सोलत होता. याहून चांगली वेळ येणार नव्हती.

"अहो, त्या बोलावण्याचं काय करायचं?"

"जा की! मी कुठे अडवतोय?" त्याने अख्खं अंडं तोंडात टाकलं. "पण आईचं कोण बघणार? मी महिन्यातले वीस दिवस बाहेर. बाई ठेवली तरी हिचं सगळं करायला कोण धजेल? स्वतःलाच विचारून बघ."

पिवळा बलक त्याच्या दातांत अडकला होता. बोटं त्याने तिने पुसलेल्या कडेला पुसली. तिने आजवर माणसांतून निघालेलं काय काय पाहिलं होतं, पण सगळं झाकणाखाली.

तिने तोंड फिरवलं आणि पाण्यासाठी हात लांबवला. तेव्हा ती बाटली दिसली. बाटलीत किती आहे ते नजरेनेच ओळखायची तिला कामामुळे सवय होती. सासूची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. सासूचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, सकाळपासून घोटभरसुद्धा नाही?"

"तहानच नाही गं." सासू जागीच होती.

"आई."

"गुडघे धरत नाहीत. संडासात कुणीतरी धरावं लागतं." सासूने पदर सारखा केला. "राहू दे. उद्या दुपारी पोचतोच की."

ती उठली. हातमोजे बॅगेत तळाशी होते. शोधत बसली नाही.

आत फरशीवर पाणी हिंदकळत होतं आणि ते नुसतं पाणी नव्हतं. कडी चिकट. तिने श्वास रोखला, दोन्ही हात सासूच्या काखेत घातले आणि तिला सावकाश खाली बसवलं. ओलं लुगडं तिच्या मनगटाला चिकटलं.

"हात खराब होतील तुझे."

"धुता येतात."

सासू भिंतीकडे बघून म्हणाली, "सोमवारी हो म्हणून टाक. त्याला मी सांगते."

"आणि तुमचं?"

"माझं काय? पाणी बेताने प्यायचं. आज जमलंच की."

गाडी हलली. परत आल्यावर सासूने शब्द पाळला.

"मला बाई नको न् कुणी नको. जाऊ दे हिला."

"बघ!" नवरा खूश झाला. "उगाच तोंड पाडून बसली होतीस." आणि पाय ताणून तो आडवा झाला.

होकार मिळाला होता, तोही एकवीस तास राखून. तिने कोपरापर्यंत सॅनिटायझर चोळला. पुन्हा चोळला. वास जाईना.

तिने सासूची बाटली उघडून तिच्या हातात दिली. सासूने दोन घोट घेतले, झाकण घट्ट लावलं.

"अजून घ्या ना. मी आहे."

"पुरे."

खिडकीखालच्या फळीवर तीन बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या. नवऱ्याची रिकामी, तिची अर्धी, आणि आईंची दोन घोट कमी.